तक्त्यात पदार्थ आहे, पण तो खाल्ला कसा ते कुठाय?

संपादक महोदय, स.न.वि.वि.

तुमच्या आरोग्य पानावर कशात किती कॅलरी, किती कार्ब, किती फॅट याचे तक्ते येतात, मी ते कापून फ्रिजवर चिकटवणाऱ्यांपैकी आहे, त्यामुळे तक्रार करायचा थोडा हक्क आहे असं धरतो. सफरचंद म्हटलं की तुमचा आकडा एकच. मग ते दाताने तोडून खा, लगदा करून खा नाहीतर गाळून पिऊन टाका.

माझी शुगर बॉर्डरवर आली तेव्हा मी गोड सोडलं आणि रोज सकाळी सफरचंदाचा ज्यूस सुरू केला, शेवटी फळच आहे ना म्हणून. अकरा वाजले की अशी भूक खवळायची की हाताला लागेल ते तोंडात. याचा उलगडा एका जुन्या प्रयोगात सापडला, १९७७ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलेला. १० धडधाकट माणसांना सफरचंद अख्खं, लगदा आणि रस अशा तीन रूपांत दिलं, कार्ब तिन्हीत सारखे. रस अख्ख्या फळापेक्षा ११ पट वेगात पिऊन होत होता! शुगर चढली तिन्ही वेळा साधारण तेवढीच, पण रसानंतर इन्सुलिन जास्त उसळलं आणि मग शुगर धाडकन खाली आली, अख्ख्या फळानंतर तसं झालं नाही. माझे अकरा वाजायचे ते बहुतेक हेच.

धान्याचंही तेच. गहू भरड ठेवला तर बऱ्याच पेशींच्या भिंती शाबूत राहतात, आतल्या स्टार्चपर्यंत पाचकरस हळूहळू पोचतात. मैद्यासारखा बारीक दळला की दारं सताड उघडी. एका प्रयोगात २ मिलिमीटर कणांच्या लापशीनंतर शुगरची वाढ बारीक पिठाच्या लापशीपेक्षा साधारण एक तृतीयांशाने कमी भरली, गहू तोच.

फॅटचं तर कोणी बोलतच नाही. बदाम चावून बारीक झाला असं वाटतं तेव्हा जरा जिभेवर घोळवून बघा, रवाळ कण लागतात. प्रत्येक कणात न फुटलेल्या पेशी असतात आणि त्यांच्यात तेल कोंडलेलं असतं, त्यातलं बरंचसं तसंच बाहेर पडतं. २०१२ मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्याच्या शास्त्रज्ञांनी मोजलं तर २८ ग्रॅम बदामातून १७० नाही, १२९ च कॅलरी अंगी लागल्या. बारीक पूड केली की हा फायदा कमी होतो. आणि जेवणानंतर ट्रायग्लिसराइड्स, म्हणजे रक्तातली चरबी, वर जातात ती तीन-चार तासांनी, आपण रक्त देतो उपाशीपोटी, मग हे रिपोर्टात दिसणार कुठून.

मिक्सर म्हणजे विलन असंही नाही हां. बियांची बेरी फळं बियांसकट फिरवली तर काही प्रयोगांत शुगर अख्ख्या फळापेक्षा कमीच चढली, बहुधा बिया फुटून त्यातलं फायबर बाहेर येतं म्हणून. गाळून चोथा फेकला की मात्र गेलं.

तर विनंती एवढीच, पुढच्या तक्त्यात एक रकाना वाढवा: अख्खं, भरड, बारीक, रस. जागा कमी पडत असेल तर ती व्हिटॅमिनची ओळ काढा, ती मी तरी कधी वाचली नाही.

आपला,
एक नियमित वाचक