शार्कबद्दल एकदाच नीट लिहिते

प्रिय आई-बाबा,

बाबा, तुम्ही पाठवलेला व्हिडिओ बघितला, आणि त्याच्याखाली आईचा "आता पुरे झालं तुझं समुद्रात जाणं" हा मेसेजपण वाचला. फोनवर हा विषय निघाला की आई रडवेली होते आणि तुम्ही एकदम गप्प होता, मग बोलायचं राहूनच जातं, म्हणून म्हटलं लिहूनच काढते.

आधी तो व्हिडिओ. तो 2015 चा आहे. साउथ आफ्रिकेत जेफ्रीज बेला सर्फिंगची फायनल चालू होती, लाइव्ह, आणि मिक फॅनिंग नावाचा ऑस्ट्रेलियन सर्फर बोर्डवर बसून लाटेची वाट बघत असताना मागून शार्क आला. बोर्ड पायाला बांधायची जी दोरी असते ना, लीश म्हणतात, ती तुटली, पण त्याला स्वतःला काही झालं नाही. पुढच्याच वर्षी त्याने तिथेच तीच स्पर्धा जिंकली. हा भाग फॉरवर्ड करणारे कोणी जोडत नाहीत.

आता बाबांसाठी आकडे, कारण तुम्ही "मग माणसं मरतातच की" म्हणणार हे मला माहितीये. मरतात. फ्लोरिडाच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये जगभरच्या शार्क हल्ल्यांची नोंद ठेवतात, कोणी शार्कला डिवचलं नसताना तो चावला असेल तर ते वेगळं मोजतात. असे हल्ले 2023 मध्ये 69 झाले, त्यात 10 जण गेले, आणि 2024 मध्ये 47 झाले, त्यात 4 गेले. अख्ख्या जगात, अख्ख्या वर्षात. आणि बुडून दरवर्षी साधारण 3 लाख लोक जातात असं डब्ल्यूएचओ सांगते.

पण मला स्वतःला ही तुलना फारशी पटत नाही, खरं सांगते. बुडणाऱ्यांत तळी, नद्या, विहिरी सगळंच आलं, आणि "लाखात एक" वगैरे सरासरी काढतात त्यात समुद्रात कधी पाऊलही न टाकलेले लोक धरलेले असतात. मी आठवड्यातून बऱ्याचदा पाण्यात असते, त्यामुळे माझा धोका त्या सरासरीपेक्षा जास्तच असणार. तरी तो कमीच आहे, पण शून्य नाही, आणि शून्य आहे असं मी तुम्हाला कधी सांगणार नाही. "काही होणार नाही ना?" याला माझ्याकडे उत्तर नाहीये. "आज पाणी कसं आहे?" हे विचारा, त्याला आहे.

कारण सगळा खेळ कुठे आणि कधी यावर आहे. फ्लोरिडात न्यू स्मर्ना बीच म्हणून आहे, तिथे शार्क चावण्याच्या खूप घटना होतात, पण बऱ्याच वेळा ते ब्लॅकटिप जातीचे लहान शार्क असतात, माशांच्या मागे गढूळ पाण्यात शिरतात, पायाला चावतात आणि पळतात, टाके पडतात आणि विषय संपतो. उलट हिंदी महासागरातलं रियुनियन बेट घ्या, तिथे 2011 पासून लागोपाठ इतके जीवघेणे हल्ले झाले की 2013 मध्ये सरकारने बराचसा किनारा सर्फिंग आणि पोहण्यासाठी बंदच केला. ब्राझीलमधल्या रेसिफेला 1992 पासून हल्ले वाढले, आणि त्याचा संबंध जवळ बांधलेल्या सुआपे बंदराशी लावतात. म्हणजे शार्क कोणता, माणसाने किनाऱ्याचं काय केलं, नदी कुठे मिळते, पाणी किती गढूळ, यावर सगळं फिरतं. अशा ठिकाणी मी पाय घालणार नाही, कितीही भारी लाटा असल्या तरी.

आई, तू म्हणालीस की त्यांना माणसाच्या रक्ताची चटक लागते. तसं नाहीये गं. शार्कच्या 500 हून जास्त जाती आहेत आणि माणूस दगावतो तो मुख्यतः तिघांमुळे, ग्रेट व्हाइट, टायगर आणि बुल. 2021 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मॅक्वारी युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी लहान वयाच्या ग्रेट व्हाइटला खालून वर बघताना काय दिसत असेल ते तपासलं, तर बोर्डवर हात मारणारा सर्फर आणि सील यांच्यात त्याला नजरेने फरक करता येत नसावा असं निघालं. त्यांना रंगही बहुतेक कळत नाहीत, नुसती काळी आकृती दिसते. पण म्हणून प्रत्येक हल्ला चुकून होतो असंही नाही, टायगर शार्क तर काहीही तोंडात घालून बघतो. आणि दुसरीकडे, साउथ कॅलिफोर्नियात ड्रोनने शूटिंग केलं तेव्हा जिथे लहान ग्रेट व्हाइट जमतात तिथे 97 टक्के दिवस ते आणि माणसं एकाच पाण्यात दिसले, आणि बहुतेकांना पत्ताही नव्हता. मला हे वाचून आधी धडकी भरली आणि मग हसू आलं.

मी कधी जात नाही ते सांगते. अगदी पहाटे आणि दिवस मावळताना नाही. मोठ्या पावसानंतर पाणी निवळेपर्यंत नाही, कारण बुल शार्कला गढूळ पाणी चालतं, तो नदीतही शिरतो. नदीच्या तोंडाशी नाही. पक्षी पाण्यात सूर मारत असतील तर खाली माशांचा थवा असतो, तिथे नाही. कोणी गळ टाकून बसलं असेल तिथे नाही. मेलेला देवमासा किनाऱ्याला लागला तर कितीतरी दिवस त्या बाजूला फिरकतसुद्धा नाही. एकटी तर कधीच नाही, आणि अंगावर चमकणारं काही नाही, आई, म्हणून ती साखळी मी घरीच काढून ठेवते, हरवली नाहीये.

बाबा, शार्क अडवायला समुद्रात लावतात त्या जाळ्यांचं विचारत होता ना. जाळी म्हणजे कुंपण नव्हे. सिडनीच्या आसपास 1937 पासून लावतात, पण ती साधारण 150 मीटरचे तुकडे असतात, शार्क वरून, खालून, बाजूने आरामात जातो, आणि कासवं, डॉल्फिन उगाच मरतात. मला त्यापेक्षा केपटाउनची पद्धत आवडते. तिथे 2004 पासून डोंगरावर माणूस दुर्बीण घेऊन बसतो आणि खाली झेंडा लावतात, हिरवा म्हणजे दिसतंय आणि शार्क नाही, काळा म्हणजे पाणी नीट दिसतच नाहीये, आणि शार्कचं चित्र असलेला पांढरा आला की सगळे बाहेर. काळा झेंडा मला सगळ्यात प्रामाणिक वाटतो. (तिथे एक गंमत झाली, 2017 च्या सुमारास दोन किलर व्हेल आले आणि शार्क मारून त्यांची यकृतंच खायला लागले, आणि त्याच सुमारास तिथल्या फॉल्स बे या खाडीतले ग्रेट व्हाइट जवळपास गायबच झाले, त्यामुळेच असं बऱ्याच जणांना वाटतं. त्यांनाही कोणीतरी आहे घाबरायला.)

शार्कला दूर ठेवणारं विजेचं यंत्रपण मिळतं, बोर्डला लावायचं. 2018 च्या चाचणीत त्यातल्या सगळ्यात चांगल्याने शार्कने आमिष खाण्याचं प्रमाण 96 वरून 40 टक्क्यांवर आणलं. म्हणजे उपयोग आहे, पण 40 म्हणजे 40. चुंबकाचे पट्टे वगैरे विकतात ते नुसते पैसे घालवणं.

आणि समजा चावलाच तर माणूस बहुतेक वेळा रक्त गेल्याने जातो, म्हणून आमच्या ग्रुपमध्ये सगळ्यांनी रक्त कसं थांबवायचं ते शिकून घेतलंय. दाब द्यायचा, घट्ट टूर्निकेट (रक्त थांबवायला हातापायावर आवळायचा पट्टा) बांधायचं, ते नसेल तर लीश गुंडाळून आवळायची. पाय असेल तर मांडीच्या वरच्या सांध्यात मूठ रोवून सगळं वजन टाकायचं.

खरं सांगू, मला शार्कपेक्षा रिप करंटची भीती जास्त वाटते, तो परतीचा जोराचा ओढा असतो ना तो. अमेरिकेत सर्फ बीचवर लाइफगार्ड ज्यांना बाहेर काढतात त्यातले 80 टक्क्यांहून जास्त त्यातच सापडलेले असतात. त्याचा व्हिडिओ कोणी फॉरवर्ड करत नाही, कारण त्यात बघण्यासारखं काही नसतंच.

तर समुद्रात जाणं मी बंद करणार नाहीये. पण निघताना मेसेज टाकेन, कोणत्या बाजूला आणि किती वेळ ते पण, आणि बाहेर आले की परत एक. अर्धा तास वर झाला आणि मेसेज आला नाही तर माझ्यासोबत पोहणारी जी मैत्रीण आहे तिच्या घरच्या नंबरवर फोन करा, नंबर वेगळा पाठवते. तिच्या आईला मराठी येत नाही, बाबा, इंग्रजीत बोला, पण हळू.

तुमची,
चिमू