बाल न्याय : राज्याने नियमांत स्पष्टता आणावी

महोदय,

बाल न्याय अधिनियम, २०१५ हा केंद्राचा कायदा असला तरी कलम ११० नुसार नियम करण्याचा अधिकार राज्यांना आहे. त्यामुळे सुधारणेचा विचार भोपाळमध्येही व्हायला हवा. इंदूरमध्ये अनेक वर्षे माध्यमिक शाळेत शिकवल्यानंतर मी हे कळकळीने लिहीत आहे.

ज्या अपराधाला किमान सात वर्षांची शिक्षा आहे, त्यात १६ ते १८ वयोगटातील मुलाची मानसिक व शारीरिक क्षमता, अपराधाच्या परिणामांची त्याची समज आणि घटनेची परिस्थिती यांचे प्राथमिक मूल्यमापन कलम १५ नुसार बाल न्याय मंडळ करते, आणि खटला प्रौढाप्रमाणे चालवण्याची गरज आहे की नाही, हे त्यावरून ठरते. मंडळात एक दंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते असतात. मानसशास्त्र जाणणारा सदस्य नसेल तर तज्ज्ञाची मदत घ्यावीच लागेल, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे. मग प्रत्येक जिल्ह्यात असे प्रशिक्षित तज्ज्ञ नेमण्याचे बंधन राज्याच्या नियमांतच का असू नये? नववी-दहावीतली मुले मी जवळून पाहिली आहेत. भीतीने गप्प बसलेला मुलगा आणि निर्ढावलेला मुलगा यांतला फरक एका भेटीत कळत नाही.

वय कमी करून शिक्षा वाढवावी ही मागणी मला मान्य नाही. पीडित कुटुंबाचा संताप मात्र खरा आहे, म्हणूनच चौकशी कायद्याने दिलेल्या चार महिन्यांत संपावी आणि सुधारगृहातून परतणाऱ्या मुलाला पुन्हा शाळेत किंवा कामात बसवण्याची जबाबदारी नेमक्या अधिकाऱ्यावर टाकावी.

— एक निवृत्त शिक्षिका, इंदूर