चि. मनू हिस

सोलापूर

चि. मनू हिस आईचे अनेक आशीर्वाद.

महाविद्यालयातल्या सांस्कृतिक अभ्यासाच्या विषयासाठी गड्ड्याच्या यात्रेवर, म्हणजे आपल्या सोलापूरच्या सिद्धरामेश्वरांच्या यात्रेवर, तू लिहिलेले दोन पानी टिपण काल रात्री दोनदा वाचले. भाषा शुद्ध आहे. 12व्या शतकातील सिद्धरामेश्वर, त्यांनी स्थापन केलेली 68 लिंगे, 7 नंदीध्वज म्हणजे यात्रेतल्या उंच मानाच्या काठ्या, बाळीवेशीतल्या हिरेहब्बू वाड्यातून निघणारी मिरवणूक, सिद्धरामेश्वरांशी विवाहाची इच्छा धरणारी कुंभारकन्या आणि त्यांच्या योगदंडाशी लागलेला तिचा विवाह, सारे जागच्या जागी आहे. तरीही वाचून झाल्यावर मन भरले नाही, कारण त्या विवाहाच्या अक्षता पडतात त्या सम्मती कट्ट्यापाशी माझा हात घट्ट धरून उभी असलेली मुलगी मला त्या दोन पानांत कुठेच भेटली नाही.

अक्षता सोहळ्याच्या रात्री मी तुझ्या केसांतले तांदळाचे दाणे वेचत होते आणि तू अखंड बोलत होतीस. नंदीध्वज एकटा माणूस पेलतो, त्याच्या पांढऱ्या बाराबंदीची पाठ घामाने चिकटलेली असते, आणि काठी जरा कलली की आजूबाजूच्या हजारो माणसांचा श्वास एकदम अडकतो, हे तू मला हात वर करून दाखवले होतेस. शेजारच्या काकूंचेही तूच बोललीस. त्यांच्या घरी तेलुगू बोलतात, आपल्याशी त्या मराठीत बोलतात, आणि लिंगांच्या तैलाभिषेकाला मात्र आपल्यासारख्याच सहज ‘यण्णीमज्जन’ म्हणतात, जो शब्द मुळात कन्नड आहे. ‘आई, मी हा शब्द लहानपणापासून वापरते, पण त्यात कन्नडमधलं तेल आहे हे मला आज कळलं,’ असे तू म्हणालीस आणि बराच वेळ गप्प राहिलीस. मनू, तुझे टिपण ते आहे. त्याऐवजी तू शेवटी ‘सोलापूर हे विविधतेत एकतेचे प्रतीक आहे’ असे लिहिलेस. ते वाक्य सोलापुरात एकदाही पाऊल न टाकलेला माणूसही लिहू शकतो.

माहिती नको असे माझे म्हणणे नाही. वाचणाऱ्याला तू कुठे उभी आहेस हे कळण्यापुरती ती हवीच, पण दोन पानांच्या लेखनात तिला चार-पाच ओळींहून अधिक जागा देऊ नकोस. 68 लिंगांचा आकडा लिहायचाच असेल, तर त्यांच्या वाटेवर चालताना तुझे पाय कुठे दुखले तेही लिही. तुमच्या प्राध्यापकांना यात्रेचा इतिहास ग्रंथालयात मिळेल, तुझा प्रश्न तिथे मिळणार नाही.

उरलेल्या दोन टिपणांपैकी एक पुण्यातल्या गाण्याच्या मैफलीवर लिहिणार आहेस आणि रागदारी कळत नाही म्हणून घाबरली आहेस, असे फोनवर म्हणालीस. न कळणे लपवू नकोस. कंटाळा कधी आला, तो कोणत्या क्षणी गेला, शेजारचे आजोबा कोणत्या जागेला मान हलवत होते आणि तिथे तुला काय ऐकू आले, एवढे प्रामाणिकपणे टिपलेस तरी पुरे. मात्र त्याच रात्री, झोपण्याआधी आणि दुसऱ्या दिवशीचे वर्तमानपत्र वाचण्याआधी लिहून ठेव. सकाळपर्यंत आपल्या आठवणीत दुसऱ्यांची विशेषणे शिरतात.

तिसऱ्यासाठी माझी एक सूचना आहे. 12 जानेवारीला आपण स्वातंत्र्यलढ्यातल्या सोलापूरच्या चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांना अभिवादन करायला गेलो होतो. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना 1931 साली त्याच तारखेला येरवड्याच्या तुरुंगात फाशी दिले गेले. आपण गेलो तेव्हा यात्रेची रोषणाई गावभर लागलेली होती, आणि तू मला विचारलेस, की एकाच आठवड्यात हे गाव शोक आणि लग्न दोन्ही कसे करते. मी तेव्हा गर्दीचे निमित्त करून उत्तर टाळले, याची मला अजून रुखरुख आहे. तू तो प्रश्न टाळू नकोस. उत्तर नाही सापडले तरी चालेल, तो तुला का पडला ते लिही.

पहिले टिपण पुन्हा लिहिणार असशील, तर तुझी निळी ओढणी झटकताना टोकाच्या गाठीत अडकलेले अक्षतांचे पाच-सहा दाणे मिळाले, ते या पाकिटात ठेवले आहेत.

तुझी,
आई