एफ०७.२ या आजाराच्या कोडला ‘मानसिक आजार’ ठरवून तिसऱ्यांदा नाकारलेला क्लेम

प्रति,
प्रमुख, आरोग्य विमा दावे विभाग

सोमवारी दुपारी तुमच्या कॉल सेंटरचा फोन ठेवला आणि हे पत्र लिहायला घेतलं. आज गुरुवार आहे. स्क्रीनकडे पंधरा मिनिटांहून जास्त पाहिलं की डोळ्यांमागे ठणका लागतो आणि अक्षरं पोहायला लागतात, म्हणून चार दिवस लागले. कुठे तेच दोनदा लिहिलं गेलं असेल तर ते तसंच राहू दे, कारण तुम्हीही मला तेच तीनदा ऐकवलं आहे.

चौदा आठवड्यांपूर्वी जिन्यावरून घसरले आणि डोक्याची मागची बाजू पायरीच्या कडेवर आपटली. हॉस्पिटलने कन्कशन, म्हणजे मेंदूला बसलेला हादरा, असं निदान केलं, कोड घातला एस०६.०. तो क्लेम तुम्ही काहीही न विचारता मंजूर केलात. म्हणजे मला डोक्याला मार लागला होता, हे तुम्हाला तेव्हाच मान्य होतं. भांडण आहे ते त्यानंतरच्या उपचारांचं. डोकेदुखी गेली नाही, मान वळवली की गरगरतं, भांड्याचा आवाज झाला तरी कानात खिळा ठोकल्यासारखं होतं, आणि वाक्य वाचून संपेपर्यंत त्याची सुरुवात निसटून जाते.

पुढच्या तपासण्यांची बिलं पहिल्यांदा एस०६.० नेच पाठवली. उत्तर आलं की ही ताजी दुखापत आहे, तिचा क्लेम बंद झाला. दुसऱ्यांदा दवाखान्याने आर५१ आणि आर४२ घातले, म्हणजे डोकेदुखी आणि चक्कर. तुम्ही कळवलंत की ही लक्षणं आहेत, निदान द्या. मग न्यूरॉलॉजिस्टनी निदान दिलं, पोस्टकन्कशनल सिंड्रोम, म्हणजे कन्कशननंतर मागे राहणारा त्रास, कोड एफ०७.२. त्यावर तुमचं एका ओळीचं पत्र आलं: ‘मानसिक आजार, पॉलिसीत समाविष्ट नाही.’

दुखापत लिहिली तर ती जुनी झाली, लक्षण लिहिलं तर ते निदान नाही, आणि निदान लिहिलं तर ते मनाचं. डॉक्टरांनी लिहायचं तरी काय?

तुमच्या विभागात रोज हेच कोड हाताळले जातात, तेव्हा एफ०७.२ म्हणजे काय हे तुम्हाला माहीत असायला हवं. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत तो मानसिक आणि वर्तनविषयक विकारांच्या प्रकरणात आहे, हे खरं. पण त्या प्रकरणातला एफ०० ते एफ०९ हा गट मेंदूच्या आजारामुळे किंवा इजेमुळे होणाऱ्या विकारांचा आहे. अल्झायमरमधला स्मृतिभ्रंश याच गटात एफ०० म्हणून बसतो. एफ०७.२ च्या वर्णनाची सुरुवातच डोक्याला झालेल्या इजेपासून होते. पुढे डोकेदुखी, चक्कर, थकवा, चिडचिड, एकाग्रता न होणं, स्मरणशक्ती कमी होणं, झोप न लागणं अशी लक्षणं दिली आहेत. माझ्या केसपेपरवर हेच लिहिलं आहे. शिवाय डॉक्टरांनी सोबत टी९०.५ सुद्धा घातला होता. कवटीच्या आतल्या इजेचे मागे राहिलेले परिणाम दाखवणारा तो कोड दुखापतींच्याच प्रकरणातला आहे. तुमच्या उत्तरात त्याचा उल्लेखही नाही. कोडचं पहिलं अक्षर पाहून फाइल मिटली, एवढंच त्यातून दिसतं.

आणि हा मानसिक आजार असता तरी मला त्याची लाज वाटली नसती. तोही आजारच आहे. माझी हरकत तुम्ही कारण पुसून टाकण्याला आहे.

आता सोमवारच्या फोनबद्दल. तुमच्या प्रतिनिधीने आधी पॉलिसी क्रमांक विचारला, मग जन्मतारीख, मग पुन्हा पॉलिसी क्रमांक. मी तिन्ही वेळा उत्तर दिलं. मग ते म्हणाले, “मॅडम, सीटी स्कॅन तर नॉर्मल आहे तुमचा.” मी म्हटलं, कन्कशनमध्ये तो बहुतेक वेळा नॉर्मलच येतो, रक्तस्राव किंवा फ्रॅक्चर नाही ना हे पाहायला तो काढतात. ते म्हणाले, “मग घरी काही टेन्शन वगैरे?” मी पडल्याची तारीख सांगितली, तिन्ही क्लेमच्या तारखा सांगितल्या, कुठल्या दिवशी कुठलं पत्र आलं तेही सांगितलं. त्यावर ते हसून म्हणाले, “एवढं सगळं तारीखवार आठवतंय, म्हणजे मेमरी तर चांगलीच आहे की तुमची!”

मी वहीतून वाचत होते. दोनशे पानी वही आहे, पहिल्या पानावर पॉलिसी क्रमांक जाड पेनाने लिहिलाय, कारण तो माझ्या लक्षात राहत नाही. गोळी घेतली की वहीत खूण करते, नाहीतर पुन्हा घेईन. गॅस बंद केला की खूण करते. तुमच्या माणसाशी बोलताना ती वही मांडीवर होती आणि ओळीवर बोट ठेवून मी वाचत होते. मी हे सांगितलं तेव्हा पलीकडून उत्तर आलं, “मॅडम, तुमचं फीडबॅक नोंदवून घेतलंय.” मेमरी चांगलीच आहे की तुमची. चार दिवस झाले, हे एक वाक्य मात्र विसरता येत नाहीये.

अकरा वर्षं एकही हप्ता न चुकवता भरला. बहिणीला पॉलिसी घ्यायची होती, तेव्हा तुमचं नाव मी सुचवलं. त्याचं आज वाईट वाटतं.

क्लेम एफ०७.२ आणि टी९०.५ हे दोन्ही कोड एकत्र पाहून, न्यूरॉलॉजी जाणणाऱ्या डॉक्टरकडून पुन्हा तपासला जावा. पुन्हा नाकारणार असाल तर पॉलिसीतलं नेमकं कलम लिहून द्या, ‘समाविष्ट नाही’ एवढं पुरणार नाही. सोमवारच्या कॉलचं रेकॉर्डिंग जपून ठेवा. पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर ही सगळी कागदपत्रं आणि वहीतल्या नोंदी विमा नियामकाकडे जातील, त्यात ते वाक्यही असेल.

उत्तर लेखीच पाठवा, मोठ्या अक्षरात. फोन करू नका. सोमवारच्या फोननंतर दोन दिवस मी पडदे ओढून अंधारात पडून होते.

आपली एक पॉलिसीधारक