आई, पुढच्या वेळी मेन गेटनेच ये

आई, बाबा,

समोर बसलं की बोलता येत नाही, आई लगेच "चहा टाकू?" म्हणते आणि विषय तिथेच संपतो, म्हणून लिहितेय. आई, बाबांनाही वाचून दाखव.

रविवारचं मला तन्वीकडून कळलं. वॉचमनने "मावशी, कुठल्या फ्लॅटला कामाला?" विचारलं आणि तू काही न बोलता मागच्या सर्व्हिस लिफ्टने, कचऱ्याच्या ड्रमशेजारी डबा धरून 27 मजले वर आलीस. वर तन्वीला सांगतेस, लिफ्ट ती लिफ्ट. मी मात्र घावणे मजेत खात बसले गं, काही माहीतच नव्हतं.

दादा म्हणतो विका आणि ठाण्याला जा. नाही जाणार, आमचं ठरलंय. मिरवायला नाही घेतलं हे घर, 20 वर्षांचं लोन आहे, ऑफिस चालत, तन्वीची शाळा जवळ, आणि बाबांच्या गुडघ्याचं काही झालं तर मी पाच मिनिटांत तुमच्याकडे. भिंत नसती तर दोन. दोन्ही इमारती आपल्याच चाळीच्या जागेवर, पण तुमच्या रिहॅब विंगचं, म्हणजे जुन्या चाळकऱ्यांच्या इमारतीचं, गेट गल्लीत आणि आमचं मेन रोडला, हे प्लॅनमध्ये बघितलं होतं मी. तेव्हा काही वाटलं नाही, हेही खरं.

बाबा, 18 जानेवारी 1982 ला गिरणी संपावर गेलात ते परत गिरणीच्या खात्यात पाऊल टाकलंच नाही. गिरण्यांच्या जमिनीतला जवळपास तिसरा हिस्सा म्हाडाला, तिसरा पालिकेला, हा 1991 चा नियम 2001 ला नुसत्या मोकळ्या जागेपुरता कसा केला, ते तुम्ही वास्तुशांतीला पाहुण्यांना सांगत होतात आणि मी "बाबा, आज नको" म्हटलं. सॉरी. चाळीतल्या त्या खोलीत सात जणं असताना मी तुमच्या पोटावर झोपायचे.

गेटच्या ॲपमध्ये दोघांची नावं फॅमिली म्हणून टाकलीत. वॉचमनला ओरडले नाही, 12 तास उभा असतो बिचारा, कामवाल्यांनी सर्व्हिस लिफ्टनेच जायचं हा बोर्ड काय त्याने लावलाय? आमच्या कामाच्या मावशी तर रोज त्याच लिफ्टने येतात, वर्षभर माझ्या डोक्यातही आलं नाही. मीटिंगमध्ये बोलणार आहे, म्हणजे बघते.

आता ऐका. तुमच्याकडची लिफ्ट बंद असली की बाबांनी जिना चढायचा नाही, खाली बसून मला फोन करायचा. आई, शुगरची गोळी जेवणाआधी. आणि इथे येताना ठेवणीतली साडी नेसायची नाही, तुझी नेहमीचीच नेस.

रोज सकाळी खिडकीतून तुमच्या दोरीवर बाबांचा पंचा बघते. काल दिसला नाही. फोन कर.

तुमची,
बेबी