घोंगडी विणणारे आहेत, सूत काढणारे नाहीत

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

थंडी पडली की पुरवण्यांतून घोंगडीचे फोटो येऊ लागतात. खाटेवर पसरलेली घोंगडी, शेजारी तांब्याचा गडू आणि वर मातीशी नातं सांगणारा एखादा मथळा. मला ते वाचायला आवडतं, खोटं कशाला बोलू! मी सनगराची, म्हणजे घोंगडी विणणाऱ्याची मुलगी. म्हसवडच्या बाजूला आमच्या गावात आबांचा माग होता. घरातलं मीठ-मिरची आणि माझी शाळेची फी, दोन्ही त्या मागावरच निघायचं.

गेल्या महिन्यात आमच्या सूनबाईने एका प्रदर्शनातून साडेतीन हजारांची घोंगडी आणली. चिठ्ठीवर छापलेलं, ‘शुद्ध लोकर, हातमाग’. हात लावला तेव्हाच शंका आली. टोचत नव्हती, आणि मेंढराचा वास तर अजिबात नाही. कडेचा एक धागा उपसून गॅसच्या ज्योतीवर धरला. खरी लोकर कुरकुरत जळते, केस जळाल्यासारखा वास येतो आणि राख चिमटीत भुगा होते. हा धागा वितळला, ठिबकला आणि त्याचा काळा कडक मणी झाला. अ‍ॅक्रिलिक! सूनबाई म्हणाली, “आई, राहू द्या ना, रंग छान आहे.” रंग छान होता, ते मी मान्य केलं. ती घोंगडी आता सोफ्यावर आहे.

पण विकणाऱ्याला नुसत्या शिव्या देऊन मला बरं वाटलं नाही, कारण खऱ्या घोंगडीचं सूत आणायचं कुठून, हा प्रश्न त्यालाही पडला असेल. लेख येतात ते सगळे मागाबद्दल. फोटोतही मागाचा खड्डा, त्यात पाय सोडून बसलेला विणकर आणि हातात धोटा. पण अडलंय ते मागावर नाही, चरख्यावर.

आमच्या घरचा हिशोब सांगते. दोन-अडीच किलोच्या घोंगडीचं सूत काढायला आईला घरकाम सांभाळून वीस-बावीस दिवस लागायचे. आबा तीच घोंगडी तीन दिवसांत विणून मोकळे. म्हणजे एक माग चालता ठेवायचा तर सहा-सात चरखे फिरायला हवेत. गावात ते फिरत होते. धनगरवाड्यातल्या आज्या, आमच्या आळीतल्या काकी, दुपारची भाकरी झाली की भिंतीला पाठ लावून बसायच्या. सुताचे पैसे आबा द्यायचे, पण घोंगडी मात्र ‘आबांची’ म्हणून बाजारात जायची. याबद्दल आई एकदाही काही बोलली नाही. मीच आज बोलते आहे.

हे सूत काही सोपं नसतं. आपली दख्खनी मेंढी जाड, केसाळ लोकर देते, तीही वर्षाकाठी किलोभर नाही. कातरणीआधी मेंढरं ओढ्यावर धुऊन काढायची. कोकराची पहिली लोकर म्हणजे जावळ. ती सगळ्यात मऊ, म्हणून वेगळी ठेवायची. मग धनुकलीवर पिंजायची आणि पेळू, म्हणजे सूत काढायला लांबट वळ्या करायच्या. रंग द्यायचा नाही. मेंढीचा काळा तोच घोंगडीचा काळा, फक्त उन्हातान्हात हिंडलेल्या मेंढीची लोकर टोकाला तांबूस पडलेली असते. सूत तुटलं की मी लहानपणी गाठ मारायची. आई ती गाठ सोडायला लावायची. “गाठ फणीत अडकती. थुकी लाव अन् पीळ दे.” दोन्ही टोकं विंचरल्यासारखी मोकळी करायची, एकावर एक ठेवायची, बोट ओलं करायचं आणि मांडीवर घासायचं. तो जोड पुन्हा शोधून सापडत नाही.

ताण्याला, म्हणजे मागावरच्या उभ्या धाग्यांना, चिंचोक्याची खळ लागते. चिंचोके भाजून, टरफलं काढून, भिजवून वाटायचे आणि शिजवायचे. मग अख्ख्या गल्लीत खुंट्या ठोकून ताणा पसरायचा आणि आबा कुंच्याने खळ ओढत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जायचे. तोवर गल्ली बंद. माझं काम शेळ्या हाकायचं, कारण त्यांना ती खळ फार आवडायची. चवथीची अर्धी कविता मी तिथेच पाठ केली.

पुढे मी शिक्षिका झाले. इतिहास शिकवताना नेवाशाच्या उत्खननाबद्दल सांगायचे. ताम्रपाषाण काळातल्या एका लहान मुलाच्या गळ्यात तांब्याचे मणी सापडले. ज्या दोऱ्यात ते ओवले होते, त्याचे तंतू तांब्याच्या गंजामुळे टिकून राहिले. कापूस आणि रेशीम, तीन हजारांहून जास्त वर्षांपूर्वीचे. पोरं विचारायची, “बाई, राजा कोण होता तेव्हा?” मी म्हणायची, राजाचं राहू दे, हा दोरा कुणी काढला असेल ते सांग.

आता चरखे का थांबले? आज्या गेल्या, आणि त्यांच्या लेकीसुनांना रोजगार हमीवर किंवा द्राक्षबागेत दिवसाला जे मिळतं ते चरख्यावर आठवड्यातही मिळत नाही. त्यांना दोष कोण देणार? मेंढरंही बदलली. जतकडची माडग्याळ मेंढी थोराड, मटणाला भाव चांगला, पण अंगावर लोकर नावालाच. दख्खनी मेंढी ज्यांनी ठेवली आहे त्यांना कातरायची मजुरी लोकरीच्या भावापेक्षा जास्त पडते. मग लोकर बांधावर टाकून देतात. कोल्हापूरकडच्या पट्टणकोडोलीला धनगरांच्या विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेत भंडाऱ्याबरोबर हीच लोकर देवावर उधळतात, आणि तिथून परत आल्यावर घरची लोकर उकिरड्यावर.

घोंगडीवर झोपलं की संधिवात जातो असंही हल्ली जाहिरातींत वाचते. माझी आई जन्मभर घोंगडीवर झोपली आणि जन्मभर गुडघे धरून उठली. घोंगडीला असल्या भलावणीची गरज नाही. तेलकट जाड लोकरीवरून पावसाचं पाणी निथळतं, खोळ करून डोक्यावर घेतली की धनगर भर पावसात मेंढरांमागे उभा राहतो, आणि लोकर ओल शोषून घेतली तरी ऊब सोडत नाही. पार भिजली मात्र की दोन माणसांना पिळत नाही आणि दोन दिवस वाळत नाही. आपण सरकारी कामाला भिजत घोंगडं म्हणतो ते उगाच नाही.

माझी विनंती एवढीच. हस्तकलेच्या नावाने जे काही मिळतं, मग ते अनुदान असो, प्रदर्शनातला गाळा असो की प्रशिक्षण, ते मागापाशी येऊन थांबतं. सुताला किलोमागे भाव बांधून द्या, चरख्यावर बसणारीचं नाव चिठ्ठीवर विणकराशेजारी छापा. घेणाऱ्यांनीही कडेचा एक धागा मागून घ्यावा आणि दुकानदारासमोरच जाळून बघावा. खरा माल असेल तर त्याची हरकत नसते.

आणि पुढच्या थंडीत तुमचा छायाचित्रकार आमच्या भागात आलाच, तर मागाचा फोटो नका काढू, तो हजार वेळा छापून झाला आहे. आमच्या गावात सूत काढणाऱ्या दोघीच उरल्या आहेत. दुपारी दोननंतर पाठवा. त्याआधी त्या शेळ्या घेऊन गेलेल्या असतात.

– एक निवृत्त शिक्षिका, कोरेगाव (जि. सातारा)