खोकल्याचा विषय काढणार नाहीये

मनू,

काल तू फोन ठेवलास तेव्हा इथे साडेअकरा वाजून गेलेले, बाबा झोपलेले, आणि मी आपली ओट्यापाशी उभी राहून बंद फोनकडे बघत राहिले. तिसऱ्यांदा विचारलं म्हणून चिडलीस. चिडणारच, मी पण तुझ्या आजीवर अशीच चिडायचे. म्हणून ठरवलंय, या पत्रात खोकल्याचा विषय काढायचाच नाही. व्हॉट्सअॅपवर लांबलचक लिहिलं की तू अर्धंच वाचतेस म्हणून मेल करतेय.

पहिलं म्हणजे अभिनंदन राहूनच गेलं. ऑक्सफर्डच्या लॅबचं कॉन्ट्रॅक्ट दोन वर्षं वाढलं ही चांगली बातमी आहे हे मला कळतं, फक्त मी "म्हणजे अजून दोन वर्षं तिथेच" असं पटकन बोलून गेले. पुण्याला अर्ज कर असं परत म्हणणार नाही. बाबा म्हणतील, त्यांना मी थांबवू शकत नाही. त्यांना तर अजून वाटतं की तू सापांवर काम करतेस, कारण तू त्यांना सांगितलंस "सर्प-अल्फा". शेजारच्या काकूंना पण त्यांनी तेच सांगितलंय.

मी मात्र नीट समजून घेतलंय हं. तांबड्या पेशीच्या अंगावर सीडी४७ नावाचं प्रोटीन असतं, ते म्हणजे "मला खाऊ नकोस" अशी पाटी, आणि ती पाटी वाचणारं मॅक्रोफेजवरचं, म्हणजे नको त्या पेशी गिळणाऱ्या पेशीवरचं प्रोटीन म्हणजे तुझा सर्प. पाटी नसलेल्या पेशी प्लीहेतल्या मॅक्रोफेजनी गटागट गिळल्या हे उंदरांत २००० साली दिसलं, आणि कॅन्सरच्या पेशी तीच पाटी जास्तीची लावून मिरवतात. बरोबर ना? चोराने पोलिसाची टोपी घालावी तसं.

तुला आठवतं का, शाळा सुटली की तू सिव्हिलच्या लॅबमध्ये येऊन माझ्या उंच स्टुलावर बसायचीस. मी लीशमनने रंगवलेली रक्ताची स्लाइड लावून डिफरन्शियल करायचे, म्हणजे पांढऱ्या पेशी प्रकारवार मोजायचे, शंभर पेशी, न्यूट्रोफिल इतके, लिम्फोसाइट इतके, आणि काउंटरचं बटण तू दाबायचीस टक टक. एकदा तू विचारलंस, हे दोन सेम दिसतात पण आतून पण सेमच असतात का? मी म्हटलं हो गं, मोठं गोल जांभळं केंद्रक आणि कडेला जेमतेम आकाशी रंग, लिम्फोसाइट म्हणजे लिम्फोसाइट, दाब बटण. चुकीचं उत्तर दिलं मी. टी का बी, मदतनीस का मारेकरी, मायक्रोस्कोपमधून बघून देवालाही सांगता येणार नाही, ते वरच्या प्रोटीनवरूनच कळतं. कॉलेजात शिकलेले होते थोडं, पण साठ स्लाइडी पुढ्यात असताना कोण सांगत बसणार. तू मात्र तो प्रश्न धरून ठेवलास, असं मला वाटतं. तू म्हणशील तसं काही नाही आई.

मग आमच्याकडे एचआयव्हीच्या पेशंटसाठी सीडी४ चं, म्हणजे मदतनीस टी पेशी मोजायचं मशीन आलं. जांभळ्या टोपणाच्या ट्यूबमधलं रक्त, त्यात रंग लावलेली अँटीबॉडी, आणि पंधरा वर्षं जे डोळ्यांनी दिसलं नाही ते मशीनने मोजून दिलं. तेव्हा आकडा दोनशेच्या खाली आला की एचआयव्हीचं औषध सुरू, असा नियम होता (२०१७ पासून आकडा न बघता सगळ्यांनाच देतात, देर आए). पेशंटला स्वतःच्या पोराचा वाढदिवस आठवायचा नाही पण सीडीफोर पाठ. "ताई, किती आला?" एवढंच विचारायचे खिडकीतून. आम्ही सांगायचं नसतं, डॉक्टरांनी सांगायचं. मी सांगायचे.

तू पाठवलेलं ते अॅलन विल्यम्स या शास्त्रज्ञावरचं सगळं वाचलं, दोनदा. मेलबर्नचा माणूस, ऑक्सफर्डला येतो काय, १९७७ मध्ये केंब्रिजच्या मिलस्टाइनबरोबर उंदराच्या पेशींवर अँटीबॉडी बनवतो काय, त्यातली डब्ल्यू३/२५ नावाची काहीच टी पेशींना चिकटते, आणि ती ज्याला चिकटते तेच पुढे सीडी४ ठरतं. १९८४ मध्ये कळलं की एचआयव्ही त्याच सीडी४ ला धरून आत शिरतो. म्हणजे मी सांगलीत खिडकीतून जो आकडा सांगत होते त्याचं मूळ ऑक्सफर्डच्या तुझ्याच त्या डन स्कूलमध्ये, पॅथॉलॉजीच्या डिपार्टमेंटमध्ये. (जिथे पेनिसिलिन वाढवायला बेडपॅन वापरले होते म्हणे, हे मी आमच्या सिस्टरना सांगितलं, फार हसल्या.) मला इतका अभिमान वाटला की मी बाबांना उठवून वाचून दाखवलं.

आणि मग शेवटी आलं की ४६ व्या वर्षी गेला. १९९२, फुप्फुसाचा कॅन्सर. पॅथॉलॉजीचा प्रोफेसर म्हणून नेमलेला, खुर्चीवर बसायच्या आधीच.

बघ, काढणार नव्हते.

पाच आठवडे झाले मनू. मी मोजलेत, मोजणं हेच माझं काम होतं. आमच्या लॅबच्या दारावर बोर्ड असायचा, दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर टीबीसाठी थुंकी तपासा, आणि मी हजारो स्लाइडी लाल रंगवून बघितल्यात, तुला माहितीय. नानांच्या वेळी मीच म्हणाले होते हळदीचा धुराळा असेल, हळद साठवलेलं पेव उघडलंय, हंगाम संपला की थांबेल. डॉक्टरही पाच महिने कफ सिरपच देत राहिला, पण डॉक्टर परका होता. मी घरातली होते आणि लॅबमध्ये होते. त्यावर आपण कधी बोललो नाही, आत्ताही नको.

तुझं तसं काही नसेल. तिथे थंडी आहे, ओल आहे, आणि तू त्या कोल्ड रूममध्ये चार डिग्रीत प्रोटीन वेगळं करायचा कॉलम लावून तासन् तास उभी राहतेस. निदान आत जाताना जाड स्वेटर घाल, मावशीने विणलेला घाल, भले वास येत असेल डांबराच्या गोळ्यांचा. रात्री नऊनंतर लॅबमध्ये थांबू नकोस. सँडविच म्हणजे जेवण नव्हे. प्रयोग फसला तर फसला, प्रोटीन उद्या परत बनवता येतं, शरीर... झालं सुरू माझं. सॉरी. तेहतीस वर्षांच्या बाईला असं सांगायचं नसतं, कळतं मला.

दिवाळीत लाडू वळताना तू म्हणालेलीस की पेशींवरची प्रोटीनं एकमेकांना घट्ट धरतच नाहीत, सेकंदभर धरतात आणि सोडतात, पूर्वीच्या टेस्टमध्ये ती पकड धुवूनच जायची, तुमच्याकडे नव्वदीत टी पेशींवरच्या सीडी२ वर मोजली तेव्हा कुठे पत्ता लागला. घट्ट धरलं तर पेशी जागच्या जागी चिकटून बसतील, पुढची तपासणार कशा. छान सांगितलंस, पण आता उत्तरात हेच मला ऐकवू नकोस. मी पेशी नाहीये.

आयआयटी मुंबई आणि टाटाची ती कार-टी आली ना, ब्लड कॅन्सरवरची, पेशंटच्याच टी पेशी बदलून परत देतात ती, सीडी१९ वाली, तेव्हापासून शेजारी विचारतात तुमची मनू हेच करते का. मी म्हणते हेच नाही, पण याच गल्लीतलं.

पार्सलमध्ये मेतकूट, सुंठ आणि ज्येष्ठमध आहे. ज्येष्ठमध कशासाठी ते विचारू नकोस. जीपीची, तिथल्या फॅमिली डॉक्टरची, अपॉइंटमेंट मिळत नाही म्हणालीस, तर परत फोन कर, तीन आठवड्यांच्या वर खोकला असेल तर दाखवा असं त्यांचेच लोक सांगतात, मी वाचलंय. एक्स-रे काढलास की नुसता फोटो काढून टाक, रिपोर्ट नसला तरी चालेल. मला एक्स-रे वाचता येत नाही हे मला माहितीय, तरी टाक.

आई